फोटो काढला कुणी?

गेल्या दिवाळीत आमच्या कराडच्या घरी नवा टीव्ही आला आणि भाच्याने उत्साहाच्या भरात माझ्या जुन्या फोनमधले जर्मनीचे फोटो त्याच्यावर लावले. सगळे फराळाच्या ताटल्या घेऊन बसलेले. किल्ला, तळं, बर्फ, पूल, पुन्हा तळं. जागा बदलत होत्या, पण प्रत्येक फोटोत आम्ही तेच पाच जण, जवळजवळ त्याच क्रमाने, त्याच जॅकेटांत. बाबा "हे कुठलं?" विचारत होते, मी नावं सांगत होते, ती त्यांना नीट ऐकू येत नव्हती आणि त्याने त्यांचं काही अडतही नव्हतं. आई चकली मोडून मोडून खात गप्प बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्ही पाचीजणं तर समोर उभी आहात. मग फोटो काढला कुणी?"

"असेल कुणीतरी. सांगितलं की काढून देतात तिथं लोक."

"नाव नाही विचारलंस?"

सगळे हसले, तीही हसली, भाच्याने पुढचा फोटो लावला. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. एसटीत कुणी पिशवी वर ठेवायला हात लावला, तर उंब्रज यायच्या आत आईला त्याचं गाव, घरची शेती आणि मुलगी कुठे दिली हे सगळं कळलेलं असतं. तिच्या लेकीने परक्या देशात इतकी वर्षं काढली, दर शनिवार-रविवार हिंडण्यात घालवला, आणि घरी आणलं काय, तर शेकडो फोटो, ज्यांत त्या देशाचं एकही माणूस नाही. म्हणजे होतं, पण कॅमेऱ्याच्या अलीकडे. त्या रात्री अंथरुणावर पडून मी एकेक फोटो आठवत त्याच्यामागचा माणूस आठवायचा प्रयत्न करत होते. फार कमी जण सापडले.

आमचा पाचांचा कंपू जमला तोही मुळात तिकिटामुळे. म्युनिकला राहिलेल्या कुठल्याही भारतीयासमोर बायर्न-टिकेटचं नाव काढा, चेहरा खुलतो. एका दिवसाचं तिकीट, जास्तीत जास्त पाच माणसं, म्युनिक ज्यात येतं त्या अख्ख्या बव्हेरिया राज्यात कुठेही फिरा. अट एवढीच, की थांबत थांबत जाणाऱ्या रिजनल गाड्या, लोकल आणि बस यांनीच जायचं, सुसाट जाणाऱ्या आयसीईकडे नुसतं बघायचं. इतर दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं. शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत, आणि तेही थेट सीमेपलीकडच्या साल्झबुर्गपर्यंत. एकट्याने काढलं तर खिशाला चांगलंच लागतं. पाचांत वाटलं की तेव्हा माणशी दहा युरोच्या आसपास पडायचं. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या भारतीय ग्रुपांवर एकच मेसेज फिरत असे, "चार झालो. पाचवा कोण?" मीही अशीच पाचवी. ऑफिसातला एक नागपूरकर कॉफी मशीनपाशी उभा होता, नीट ओळखही नव्हती, म्हणाला, "उद्या येते का? तिकिटावर एक नाव कमी पडून राहिलं."

तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायला रकाने असतात. तपासनीस आला की तो नावं बघतो, कधी ओळखपत्र मागतो. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं. एक नागपूरकर, एक मालवणचा, एक इंदूरची मराठी मुलगी, एक विजयवाड्याचा, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो आणि ज्याचं नाव वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट त्या रकान्यात कधीच मावलं नाही, आणि मी. पुण्यात असतो तर आम्ही पाच जण एका टेबलाशी बसलो असतो की नाही, शंकाच आहे. मालवण्याला गर्दी आवडत नाही, इंदूरचीला गर्दीशिवाय करमत नाही. नागपूरकर चालायला लागला की मागे वळून बघत नाही. अण्णा प्रत्येक माहितीफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पण तिकीट पाच जणांचं होतं, त्यामुळे स्वभाव पुढच्या स्टेशनावर बघून घेऊ, असं चालायचं.

आणि दुसरं कारण रविवार.

जर्मनीतला रविवार अंगावर आल्याशिवाय कळत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एकदा शनिवारी आळस केला, खरेदी राहिली, आणि रविवारी सकाळी दूध नाही, ब्रेड नाही, कांदासुद्धा नाही. सुपरमार्केट बंद, मॉल बंद, रस्त्यावर एखादा माणूस कुत्र्याला घेऊन. बेकरी उघडी असते, तीही थोडाच वेळ. मशीनने भिंतीला भोक पाडायचं नाही, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायच्या पेट्यांवरसुद्धा रविवारी टाकू नका असं लिहिलेलं, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. नंतर कळलं की ही शांतता नुसती सवय नाही, ती त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमात रविवार आणि सणाचे दिवस कामापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून राखून ठेवले होते, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम तसंच उचलून घेतलं. मला हे वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. ज्याच्या रविवारात मटण, क्रिकेट, न सांगता आलेले पाहुणे आणि दुपारची झोप असते, त्याला एका खोलीत कोंडून आत्मिक उन्नती कर म्हटलं तर तो काय करणार? तो मुख्य स्टेशनात जातो, कारण रविवारी दूध तिथेच मिळतं. आणि एकदा स्टेशनात गेलं की समोर गाड्या लागलेल्या असतात.

आमच्या सहली या अर्थाने पळवाटाच होत्या. शुक्रवारी ठिकाण ठरवताना कुणी "बघण्यासारखं काय आहे?" असं क्वचितच विचारलं असेल. "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" हे मात्र आधी बघितलं जायचं. जितकी उशिरा, तितकं ते ठिकाण चांगलं.

डबा हा वेगळाच विषय. युरोपात फिरणारा भारतीय घरचं बांधून नेतो यावर हसणारे हसोत, पण स्टेशनावरचं बटर लावलेलं प्रेट्झेल चार वेळा खाल्लं की पाचव्यांदा धपाटे आठवतातच. इंदूरची तिखटामिठाच्या पुऱ्या आणायची, मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, अण्णा लिंबूभात. मालवणी सोलकढीची स्वप्नं आणायचा आणि बाकीच्यांचा डबा संपवायचा. धपाट्यांची कणीक मुख्य स्टेशनाच्या दक्षिणेच्या गल्ल्यांतल्या भारतीय दुकानातून आणावी लागे. श्रीखंड करायचं तर चक्का बांधायची गरज नाही, सुपरमार्केटमधला क्वार्क घ्यायचा, साखर-वेलची घालून फेटायचा. एकदा आषाढात, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही आम्मर तळ्याकाठच्या हेरशिंगला उतरून टेकडीवरच्या आंडेक्सच्या मठापर्यंत चढलो. तिथले साधू बिअर गाळतात, आणि ती प्यायला लोक घाम गाळत वर येतात. पण डबा उघडायला मात्र आम्ही त्या दिवशी परत म्युनिकला येईपर्यंत थांबलो आणि एका बिअर गार्डनमध्ये बसलो, कारण तिथे डबा उघडायला आम्हाला खुद्द राजाची परवानगी होती.

गंमत नाही. बव्हेरियाचे बिअरवाले उन्हाळ्यात बिअर गार राहावी म्हणून तळघरं खणत आणि वर सावलीला चेस्टनटची झाडं लावत. लोक तिथेच बसून प्यायला लागले, तेव्हा गावातले खाणावळवाले बोंबलले की आमचं गिऱ्हाईक तुटतं. मग १८१२ च्या जानेवारीत राजा मॅक्सिमिलियन पहिला याने तोडगा काढला. बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. लोकांनी यावर सोपा उपाय केला, खाणं घरून बांधून आणायला लागले. पुढे बिअर गार्डनवाल्यांना खाणं विकायला मोकळीक मिळाली, तरी डबा आणायचा रिवाज राहिलाच, आणि आजही बिअर तिथली घेतली की ज्या बाकांवर टेबलक्लॉथ नाही तिथे घरचा डबा खुशाल उघडता येतो. आमच्या शेजारच्या बाकावर एका जर्मन कुटुंबाने घरून आणलेला चौकड्यांचा रुमाल पसरला, लाकडी पाट ठेवला, चीज, मुळ्याच्या चक्रीदार फोडी, काकडी, मीठ, सुरी, सगळं नीट मांडलं. आम्ही स्टीलचे डबे उघडले. एकमेकांच्या बाकांकडे चोरून बघणं झालं. शेवटी त्यांच्यातल्या आजीने मुळा पुढे केला आणि मी धपाटा. तिने तुकडा तोडला, चटणीत बुडवला, आणि तिखट लागल्यावर तोंडाने काही न बोलता बिअरचा मोठा घोट घेऊन मला अंगठा दाखवला. मुळा छान होता, तसा झणझणीत नाही. फोटो? काढला की. तिच्या नातवाने. आम्हा पाच जणांचा.

बघा, हे आता लिहिताना आठवलं. आजीला फोटोत घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तिच्याही नाही.

फोटो काढायला कुणाला सांगायचं याचे आमच्यात नियम झाले होते. सेल्फी मालवण्याला मान्य नव्हती. त्याचं म्हणणं, सेल्फीत पाच नाकं येतात आणि आल्प्सला जागा उरत नाही. त्यामुळे माणूस शोधायचा. गळ्यात मोठा कॅमेरा असेल तर उत्तम, फक्त तो आपल्याला उन्हाकडे तोंड करून बराच वेळ उभं करतो. घाईतल्या बापाला सांगायचं नाही. वयस्कर जर्मन जोडपं मिळालं तर आजोबा फोन हातात घेतात, तो नीट आडवा धरतात, "आइन्स, त्स्वाय, द्राय" मोजतात, एकच फोटो काढतात आणि तो बघून घ्या असा आग्रह करतात. बघितल्याशिवाय जाऊ देत नाहीत. कोरियन मुली जमिनीवर गुडघे टेकून पाचपंचवीस काढतात, आणि त्या सगळ्यांत आपले पाय लांब दिसतात. आणि चुकून एखादे भारतीय काका सापडले, की ते आधी आपण कुठले, कुठल्या कंपनीत, ब्लू कार्ड, म्हणजे तिथला नोकरीचा परवाना, झालं का, हे विचारतात, मग नागपूरकराला पोट आत घ्यायला लावतात, आणि फोटोत कोपऱ्यात त्यांचं बोट येतं. आईच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे हे एकटेच.

किमझे तळ्यावर, लिंडाऊच्या बंदरातल्या दगडी सिंहाखाली, रेगेन्सबुर्गच्या बाराव्या शतकातल्या दगडी पुलावर, सगळीकडे हेच. कोनिगझेच्या तळ्यावर आम्ही ऐन थंडीत गेलो. फ्रायलासिंगला गाडी बदलून बेर्श्टेसगाडेन, तिथून बस. तिथल्या होड्या १९०९ पासून विजेवर चालतात, त्यामुळे पाणी कापल्याचाही आवाज जेमतेम येतो. मधे एका उभ्या कड्यासमोर होडी थांबते, नावाडी ट्रंपेट काढतो, चार सूर वाजवतो आणि थांबतो. ते चार सूर कडा परत वाजवतो, जरा हळू, पण अगदी स्वच्छ. होडीतलं पोरगंही हललं नाही. मग लगेच टोपी फिरली. अण्णाने पाच युरो टाकले, मालवणी कुजबुजला की अर्धे डोंगराला द्यायला सांग. हे सगळं मला आठवतं, थंडीने नावाड्याचा कान लालबुंद झाला होता हेसुद्धा. पण उतरल्यावर धक्क्यावर आमचा फोटो कुणी काढला ते आठवत नाही.

नॉयश्वानस्टाईनच्या किल्ल्याबद्दल मला विशेष प्रेम नाही. सगळे जातात म्हणून आम्ही गेलो, फ्युसेनपर्यंत गाडीत उभ्याने. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये तो बांधायला घेतला तो माणसांपासून लांब राहायला. १८८६ च्या जूनमध्ये तो गेला, किल्ला अर्धवटच होता, आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून तो लोकांना दाखवायला सुरुवात झाली, ती अजून चालू आहे. आत फोटो काढायला बंदी, आणि तासाभराच्या रांगेनंतर अर्ध्या तासात फेरी आटोपते. किल्ल्याचा कॅलेंडरवरचा फोटो ज्या मारियेनब्र्युकेवरून येतो त्या पुलावर इतकी गर्दी, की प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोत. सोमवारी ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, वीकेंड कसा गेला? मी थाटात सांगितलं. तो म्युनिकचाच. म्हणाला, शाळेच्या सहलीत एकदा गेलो होतो, नंतर नाही. मग तू काय केलंस? "काही नाही," तो म्हणाला. हे "काही नाही" त्याने इतक्या समाधानाने म्हटलं की मला त्याचा हेवा वाटला. त्याच्याकडे रविवारी घरी राहण्याची कला होती. माझ्याकडे तिकीट होतं.

म्हणून या सहली गोडगोड होत्या असं मी सांगणार नाही. पैशांच्या हिशेबावरून कुरबुरी व्हायच्या. स्प्लिटवाइजवर एका कॉफीवरून नागपूरकर आणि अण्णा आठवडाभर बोलत नव्हते. घरी फोन करायचा तो सकाळच्या गाडीतूनच, कारण उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, परतीच्या वेळी घरचे झोपलेले. आणि त्या चित्रातल्यासारख्या सुंदर खेड्यांमधून जाताना नेमकं नेटवर्क जायचं. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" यातच आईबरोबरचा अर्धा संवाद संपे. परतीच्या गाडीत कुणी बोलत नसे. काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं, आणि सोमवार.

एकदा तर तिकीट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं झालं. म्युनिकहून डोंगराकडे जाणारी ती गाडी एकत्र निघते, वाटेत होल्त्सकिर्शेनला तिचा एक भाग सुटून बायरिशत्सेलकडे जातो, आणि शाफ्टलाखला उरलेल्यातला एक लेंगग्रीसला, एक टेगर्नझेला. घोषणा होतात, पण त्या बव्हेरियन जर्मनमध्ये. चढताना अण्णाला पुढच्या डब्यात सायकली ठेवायच्या जागेपाशी खिडकी मिळाली म्हणून तो तिथेच बसला. आम्ही टेगर्नझेला उतरलो, चौघं. फोन केला तर तो निवांत लेंगग्रीसकडे चाललेला, आणि तिकीट माझ्या पर्समध्ये. आम्ही घाबरलो, कारण विनातिकीट म्हणजे दंड. तपासनीस आला, अण्णाने त्याला व्हॉट्सॲपवर मी पाठवलेला तिकिटाचा फोटो दाखवला. त्याने त्या चिणलेल्या अक्षरांतलं अण्णाचं पूर्ण नाव पासपोर्टशी ताडून बघितलं, अक्षर अन् अक्षर, आणि म्हणाला म्हणे, "एवढं लांब नाव कुणी खोटं लिहिणार नाही." वर पुढच्या स्टेशनावर उतरून कुठली गाडी धरायची ते कागदावर लिहून दिलं. तो कागद अण्णाने जपून ठेवला आहे.

एका ठिकाणी आम्ही फोटो काढला नाही. डाखाऊ म्युनिकपासून लोकलने जेमतेम अर्ध्या तासाच्या आत, पुढे बस. आम्ही ते सारखं पुढे ढकलत होतो, कारण ते "सहलीत" बसत नव्हतं. शेवटी एका नोव्हेंबरात गेलो. १९३३ च्या मार्चमध्ये उघडलेली ती छळछावणी, नाझींच्या अगदी पहिल्या छावण्यांतली. २ लाखांहून जास्त माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांत डांबली, ४१,५०० मेली. हे आकडे अण्णाने फलकावर वाचले, नेहमीसारखा शेवटच्या ओळीपर्यंत, आणि नेहमीसारखे मोठ्याने सांगितले नाहीत. पटांगण प्रचंड आहे, खडीचं, आणि चालताना पावलांचा आवाज फार होतो. तो नको वाटत होता. फाटकापाशी दोन तरुण मुलांनी नागपूरकरासमोर फोन धरला, आमचा फोटो काढता का? फाटकावरच्या "काम मुक्त करतं" या लोखंडी अक्षरांखाली, दोघं, हसत. त्याने काढला. एकच. बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "नाही म्हणता आलं नाही मला." त्यावर कुणी काही बोललं नाही. डबा त्या दिवशी तसाच परत आला.

आणि एक माणूस मात्र मला पूर्ण आठवतो. पासाउचा.

पासाउला तीन नद्या मिळतात. डॅन्यूब, आल्प्सकडून हिरवट पाणी घेऊन येणारी इन, आणि जंगलातल्या पाणथळीतून काळपट होऊन येणारी छोटी इल्झ. गावाच्या टोकाशी उभं राहिलं की पाण्याचे वेगवेगळे रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. मी कराडची, संगमाचं मला कौतुक सांगू नये. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन धडकतात आणि काटकोनात वळून एक होतात. असा संगम दुसरीकडे दाखवा, असं मी गाडीत सगळ्यांना ऐकवत आले होते. पण तो २०१९ चा ऑगस्ट संपत आला होता. कृष्णेला पूर येऊन गेला होता, सांगली-कोल्हापूरची चित्रं फोनवर बघत मी रात्री काढल्या होत्या. घरी पाणी आलं नव्हतं, पण मावशीचं सांगलीतलं घर पाण्यात होतं. सहलीला यायचं माझ्या मनात नव्हतं. इंदूरचीने माझ्या नावासकट तिकीट काढलं आणि फोटो पाठवला.

पासाउच्या जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा आहेत, एकावर एक, वर्षं लिहिलेल्या. सगळ्यात वर १५०१, आणि तिच्या थोडीच खाली २०१३. ती इतकी उंच की नागपूरकराने हात वर केला तरी पोचेना. आम्ही तिथे उभे राहिलो आणि नेहमीप्रमाणे माणूस शोधला. एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, पुढच्या टोपलीत कांद्याची पात. त्याने सायकल भिंतीला टेकवली, फोन घेतला, मोजून एक फोटो काढला. मग फोन परत न देता २०१३ च्या रेघेकडे हात केला आणि स्वतःकडे. म्हणजे, मी होतो तेव्हा इथे. माझं जर्मन मोडकं, त्याचं बव्हेरियन घट्ट. त्याच्या घरात कुठवर पाणी आलं होतं ते त्याने छातीवर आडवा हात धरून दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडे भारतात आत्ताच, याच महिन्यात. त्याने टीव्हीवर बघितलं नव्हतं. "कुठली नदी?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं, "कृष्णा, कृष्णा," क वर जोर देऊन. मग चिखलाबद्दल बोलायला लागला. पाणी जातं, चिखल राहतो, भिंती आत ओल्या राहतात, सुकायला किती महिने लागतात, लाकडी जमीन उखडून टाकावीच लागते, लगेच रंग देऊ नका, तुझ्या मावशीला सांग. मावशीच्या घरी लाकडी जमीन नाही हे मी सांगितलं नाही. पण रंगाचं मी खरंच फोनवर सांगितलं, आणि मावशी म्हणाली, हो गं, इथं गवंडी पण तेच म्हणतोय.

नदीचं नाव त्याने विचारलं. आम्हा दोघांना एकमेकांचं नाव विचारायचं सुचलं नाही. आईला हे मी दिवाळीतच दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ती पहिल्यांदा म्हणाली, "कांद्याची पात मिळते तिथं?"

आता तो कंपू पांगला. इंदूरची आइंडहोव्हनला गेली. नागपूरकर, मालवणी आणि मी पुण्यात, अण्णा एकटा म्युनिकला उरला. २०२३ च्या मेपासून तिथे नवं तिकीट आलं, डॉइचलांड-टिकेट. सुरुवातीला महिन्याला ४९ युरो, नंतर वाढत गेलं. बव्हेरियाच काय, सगळ्या देशातल्या लोकल, रिजनल गाड्या, बस, ट्राम, कधीही, कुठेही. आमच्या वेळेला हे असतं तर आम्ही किती फिरलो असतो, असं मी अण्णाला म्हटलं. तो म्हणाला, फिरला असतात, पण एकेकटे. ते तिकीट ज्याचं त्याचं असतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याला आता कुणी विचारत नाही की येतोस का, एक नाव कमी पडतंय. त्याच्या ऑफिसातले नवे आलेले सगळे भारतीय खिशात महिन्याचं तिकीट घेऊन हिंडतात. मनात आलं की निघतात, मनात आलं नाही की घरी. त्याने तक्रार केली नाही. तोसुद्धा आताशा रविवारी घरी बसायला शिकलाय, म्हणतो. बाल्कनीत कढीपत्ता लावलाय.

जानेवारीत तो लग्नाच्या निमित्ताने पुण्याला येणार आहे, तेव्हा एक दिवस वाईला जाऊ, मेणवलीचा वाडा आणि घाट बघू, असं ग्रुपवर चाललंय. अजून नुसतं चाललंयच. नागपूरकर म्हणतो सकाळी सहाला निघू. अण्णाने मेणवलीबद्दल इतकं वाचून ठेवलंय की गाइड लागणार नाही. गाडी कुणाची, ड्रायव्हर घ्यायचा का, टोल कोण भरणार, यावर दोन मतदानं झाली. मी रविवार सुचवला, सगळ्यांना सुट्टी असते म्हणून. मालवण्याचं उत्तर लगेच आलं, "रविवार सोडून कधीही. रविवारी घरी कोंबडी-वडे असतात."